रेखाचित्रांची संगणकावरील स्वच्छता

प्राथमिक वर्गाच्या अध्यापनात रेखाचित्राचे स्थान छायाचित्राहून निराळे आहे. छायाचित्र समोर असेल ते सर्व दाखविते. रेखाचित्र मात्र शिकविणाऱ्यास जे दाखवावयाचे असते तेवढेच दाखविते. केळीच्या बागेचे छायाचित्र पाहून कंद कोठे, आभासी खोड कोठे आणि केळफूल कोठे, हे मुलाच्या एकदम ध्यानी येत नाही. दहापंधरा रेषांत काढलेल्या आकृतीवरून ते येते. शिवाय अशी आकृती छापावयास सोपी व स्वस्त असते. एके काळी ती स्टेन्सिलवर कोरून सायक्लोस्टाइल यंत्रावर तिच्या प्रती काढीत असत. आता ती स्कॅन करून संगणकात घेतात आणि लेसर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात तिच्या प्रती काढतात.

परंतु पुष्कळदा अशा प्रती पाहवत नाहीत. सावदा, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यातील एखाद्या शाळेत शेतीविषयक जुन्या पुस्तकातील केळीची आकृती घेतली आहे असे समजू. कागद पिवळा पडलेला, घडीची खूण मधोमध, मागील पानाची अक्षरे पुढे उमटलेली, आणि कोपऱ्यात चहाचा डाग. प्रतीत हे सर्व काळे होऊन उतरते. मग कोणीतरी संगणकावर एक कळ दाबून चित्र 'साफ' करतो. डाग जातात, पण त्यांच्याबरोबर मुळांच्या बारीक रेषाही जातात. पहिल्या प्रकारात मुलास चित्र घाणेरडे दिसते, दुसऱ्या प्रकारात ते खोटे दिसते. यांपैकी दुसरा दोष अधिक वाईट, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही.

हे काम नवे नाही. खिळ्यांच्या छपाईच्या काळात रेखाचित्राचा जस्ताचा ठसा करीत. त्यास छापखान्यात लाइन ब्लॉक म्हणत. या ठशात करडा रंग नसे. काळे किंवा पांढरे, एवढेच दोन पर्याय. म्हणून ठसा करण्यापूर्वी चित्रावरील नको असलेल्या खुणा पांढऱ्या रंगाने बुजविल्या जात. चित्रकार आपला कच्चा आराखडा फिकट निळ्या पेन्सिलीने काढीत असत, कारण ठशासाठी वापरावयाच्या फिल्मला तो निळा रंग पांढऱ्यासारखाच दिसे. संगणकातील आजच्या युक्त्या पुष्कळ अंशी याच कारागिरीच्या वंशातील आहेत.

प्रथम स्कॅनविषयी. स्कॅनर कागदाचे बारीक चौकोनांत विभाजन करतो. त्या चौकोनास पिक्सेल म्हणतात. एका इंचात असे किती चौकोन मांडावयाचे हे आपण ठरवितो. एका इंचात ३०० घेतल्यास एक पिक्सेल सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा होतो; ६०० घेतल्यास त्याच्या निम्मा. शाईच्या टाकाची रेषा ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर ती पहिल्या प्रकारात जेमतेम दोनअडीच पिक्सेलांवर व दुसऱ्यात चारपाच पिक्सेलांवर मावते. १०० घेतल्यास एक पिक्सेलच रेषेहून रुंद होतो, आणि मग ती रेषा कोणत्याही उपायाने नीट परत येत नाही. यास्तव रेखाचित्रासाठी ६०० हे प्रमाण धरावे. ए-४ आकाराच्या कागदाचे यात सुमारे साडेतीन कोटी पिक्सेल होतात. जुन्या संगणकास हे जड जाते, तेव्हा संपूर्ण पान न घेता चित्रापुरताच भाग घ्यावा.

स्कॅनरमध्ये 'काळे-पांढरे' असा एक पर्याय असतो. रेखाचित्र काळे-पांढरेच असल्यामुळे तोच योग्य, असे वाटते. पण तो घेऊ नये. त्यात कोणता पिक्सेल काळा व कोणता पांढरा याचा निर्णय यंत्र आपणास न विचारता करून टाकते. करड्या छटांचा पर्याय घ्यावा. त्यात प्रत्येक पिक्सेलास ० पासून २५५ पर्यंत एक अंक मिळतो. ० म्हणजे पूर्ण काळे, २५५ म्हणजे पूर्ण पांढरे. कागद पातळ असून मागील मजकूर दिसत असेल, तर त्याच्या पाठीशी एक काळा कागद ठेवून स्कॅन करावे. मागील पांढऱ्या झाकणावरून परत येणारा उजेड त्यामुळे थांबतो व पलीकडील अक्षरे पुष्कळ फिकी होतात. दोन रुपयांच्या काळ्या कागदाने होणारे हे काम नंतर संगणकावर तासभर बसूनही तितके चांगले होत नाही.

चित्रावर रंगीत डाग असतील, तर मात्र करड्याऐवजी रंगीत स्कॅन करावे. रंगीत चित्र तांबडा, हिरवा व निळा अशा तीन थरांचे बनलेले असते, आणि 'गिंप' नावाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ते थर सुटे करता येतात. चहाचा डाग किंवा पिवळा पडलेला कागद तांबड्या थरात जवळजवळ पांढरा दिसतो. रेघी वहीवर चित्र काढले असल्यास वहीच्या निळ्या रेघा निळ्या थरात फिक्या पडतात. समासाची तांबडी रेघ तांबड्या थरात फिकी पडते. काळी शाई तिन्ही थरांत काळीच राहते. म्हणून ज्या थरात डाग सर्वांत कमी दिसेल तो ठेवावा व बाकीचे दोन सोडून द्यावेत. निळ्या पेन्सिलीची जुनी युक्ती ती हीच.

यानंतर 'लेव्हल्स' हे साधन उघडावे. तेथे डोंगरासारखा एक आलेख दिसतो. उजवीकडील मोठा उंचवटा कागदाचा, कारण चित्रात सर्वांत अधिक भाग कोऱ्या कागदाचाच असतो. डावीकडील लहानसा उंचवटा शाईचा. दोहोंच्या मधल्या सखल भागात पेन्सिलीच्या खुणा, मागून उमटलेली अक्षरे आणि रेषांच्या कडा असतात. आलेखाखालील पांढरा त्रिकोण कागदाच्या उंचवट्याच्या डाव्या पायथ्याशी आणावा, काळा त्रिकोण शाईच्या उंचवट्याच्या उजव्या पायथ्याच्या जरा अलीकडे. कागद पांढरा होतो, शाई काळी होते, आणि मधले करडेच राहते. पुष्कळ चित्रांस एवढे पुरते. करड्या कडांमुळे रेषा गुळगुळीत दिसतात, म्हणून लेसर प्रिंटरवर थेट छापावयाचे असल्यास येथेच थांबणे श्रेयस्कर.

झेरॉक्सवरून झेरॉक्स काढावयाची असल्यास मात्र चित्र निखळ काळे-पांढरे असलेले बरे. त्यासाठी 'थ्रेशोल्ड' हे साधन आहे. एक अंक ठरवावयाचा. त्याच्या खालचे सर्व काळे, वरचे सर्व पांढरे. अंक फार खाली घेतला की रेषा तुटतात, फार वर घेतला की रेषा फुगून एकमेकींस चिकटतात व डाग परत येतात. हा अंक गणिताने काढण्याच्या पद्धती आहेत. जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत त्यांत प्रसिद्ध आहे. कागद व शाई या दोन गटांत जास्तीत जास्त अंतर पडेल असा अंक ती निवडते. परंतु चित्रात शाई व पेन्सिल दोन्ही असतील, तर तिसऱ्या गटाचे काय करावयाचे हे गणितास ठाऊक नसते. तेथे शिक्षकाचा डोळा हवा.

स्कॅनर नसेल तर मोबाइलने छायाचित्र घेतात. त्यात उजेड सर्वत्र सारखा नसतो. एका कोपऱ्यातील कागद दुसऱ्या कोपऱ्यातील पेन्सिलीइतका काळा भरतो, आणि कोणताही एकच अंक दोहोंस लागू पडत नाही. यावर उपाय असा. चित्राची दुसरी प्रत त्यावरच थर म्हणून ठेवावी, ती इतकी धूसर करावी की रेषा नाहीशा होऊन केवळ उजेडसावली उरावी, आणि त्या थराची पद्धत 'डिव्हाइड' अशी निवडावी. खालचे चित्र वरच्या उजेडाने भागले जाते व सावली निघून जाते. भागाकाराचा असा उपयोग पाचवीच्या मुलांनाही दाखविण्याजोगा आहे. अर्थात सकाळी ओसरीत, थेट ऊन नसलेल्या जागी, मोबाइल कागदाशी समांतर धरून छायाचित्र घेतले, तर हा खटाटोप बहुधा करावा लागत नाही.

आता सर्वांत नाजूक भाग. धुळीचे बारीक ठिपके काढून टाकणारे 'डिस्पेकल' नावाचे साधन बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ठराविक आकाराहून लहान ठिपका म्हणजे घाण, असे ते धरून चालते. रोमन लिपीत काम करणाऱ्यास याचा फारसा उपद्रव होत नाही. आपल्या लिपीत मात्र ठिपका हे अक्षराचे अंग आहे. केळीच्या आकृतीखालील 'कंद' या शब्दावरील अनुस्वार गेला की तेथे 'कद' उरतो, आणि तोही अर्थपूर्ण शब्द असल्यामुळे मूल निमूटपणे तोच वाचते व लिहून घेते. 'पंख' चा 'पख' होतो, 'शेंग' ची 'शेग', 'चिंच' ची 'चिच'. मापांची गत याहून वाईट: '२.५ सें.मी.' चे '२५ सेंमी' होते. जे मूल नुकतेच वाचावयास शिकत आहे, त्यास छापील शब्द चुकीचा असू शकतो अशी शंकाही येत नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात छापील अक्षर हेच प्रमाण असते.

६०० च्या स्कॅनमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार सुमारे बारा पिक्सेल रुंद येतो व धुळीचा कण दोनतीन पिक्सेलांचा. साधनास दिलेला आकार चारपाचाच्या वर जाऊ न दिल्यास अनुस्वार वाचतो. १५० च्या स्कॅनमध्ये तोच अनुस्वार तीन पिक्सेलांचा उरतो, आणि मग तो व धूळ यांत भेद करणे यंत्रास अशक्य होते. याहून निर्धास्त मार्ग म्हणजे अक्षरांचा भाग निवडून बाजूस ठेवावा व ठिपके काढण्याचे साधन केवळ चित्रावर चालवावे. किंवा जुनी अक्षरे पुसून तीच नावे युनिकोडमध्ये नव्याने टंकित करावीत. तसे करताना ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची असलेला फॉण्ट घ्यावा. (१९६२ पूर्वीच्या पुस्तकांत 'मुळें', 'पानें' असे अनुस्वार आढळतात, शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी ते गेले. मुलांच्या प्रतीत ते नकोत हे खरे, पण मूळ पानाच्या जपून ठेवलेल्या स्कॅनमधून ते काढू नयेत. चित्राचे वय त्यांवरून कळते.)

नकाशासही हीच दृष्टी लावावी. सीमा दाखविण्यासाठी तुटक रेषा व टिंब यांची माळ काढतात. टिंबे गेली की केवळ तुटक रेषा उरते, आणि सूचीप्रमाणे तिचा अर्थ बदलतो. तापीच्या काठची गावे टिंबांनी दाखविलेली असतील, तर गावेच नकाशावरून उठतात. कीटकाच्या चित्रात पाय सहा आहेत की नाहीत हे स्वच्छतेनंतर मोजून पाहावे. मोबाइलवरील काही नवी साधने तर तुटलेली रेषा आपल्या अंदाजाने जोडून देतात. ती कोठे जोडावी हे त्यांनी जीवशास्त्र वाचून ठरविलेले नसते. मूळ चित्र शेजारी ठेवून रेषा ताडून पाहण्यास पर्याय नाही.

उरलेले डाग हाताने पुसावेत. चित्र मोठे करून, कडक कडेच्या पांढऱ्या कुंचल्याने, एकेक. कंटाळवाणे काम आहे, पण एका आकृतीस अर्धा तास पुरतो व ती पुढे अनेक वर्षे चालते. चित्रकाराने जाणून सोडलेली फट बुजवू नये, आणि कोपऱ्यातील सही हा डाग समजू नये. शि. द. फडणीस यांच्यासारख्या नामवंत चित्रकाराने बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली आहेत. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता संगणकावर वाचावयास मिळतात व त्यांतही उत्तम रेषाकाम आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रावरील हक्क चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. शिक्षकाने अध्यापनाच्या ओघात प्रत काढण्यास कायद्यात मुभा आहे. ती पुस्तिका करून विकण्यास नाही.

मूळ स्कॅन कधीही पुसून टाकू नये. अजिंठ्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. तेथील चित्रांच्या नकला एकोणिसाव्या शतकात होत असताना, चित्रे ठसठशीत दिसावीत म्हणून भिंतीवरील मूळ चित्रांवरच व्हार्निश चढविण्यात आले. ते पुढे पिवळे पडले, आणि १९२० च्या सुमारास निजाम सरकारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी करावी लागली. भिंतीची दुसरी प्रत नसते. संगणकात ती असते, आणि ठेवावयास खर्चही नाही. म्हणून मूळ स्कॅन एका फोल्डरमध्ये, स्वच्छ केलेली प्रत दुसऱ्यात, दोहोंस एकच नाव व पुढे 'मूळ' आणि 'स्वच्छ' असे शब्द, एवढी शिस्त पाळावी. दोन्ही प्रती पीएनजी प्रकारात ठेवाव्यात. जेपीजी प्रकारात फाइल लहान करण्यासाठी रेषांभोवती धुरकट ठिपके येतात, म्हणजे काढलेली घाण पुन्हा आत येते.

मुलांनी स्वतः काढलेल्या चित्रांस मात्र हे सर्व उपाय लावू नयेत. भित्तिपत्रकासाठी किंवा शाळेच्या हस्तलिखितासाठी ती स्कॅन करताना कागद पांढरा करण्यापुरते 'लेव्हल्स' वापरावे व थांबावे. बैलाचा पाय मुलाने तीनदा खोडून चौथ्यांदा काढला असेल, तर त्या तीन पुसट रेषा राहू द्याव्यात. पाय कोठून वाकतो हे ते मूल कसे शोधीत गेले, ते शिक्षकास तेथेच दिसते.