मोनोकूप: कबच्या आधीचे केबिनवाले विमान

अमेरिकेतल्या हलक्या खासगी विमानांचा विषय निघाला की पिवळ्या पायपर कबचे नाव आधी येते आणि इतिहास तिथूनच सुरू झाला असे सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात जे-३ कब १९३७ सालची. मोनोकूपचे पहिले उड्डाण झाले १९२७ च्या एप्रिलमध्ये, आयोवातल्या डेव्हनपोर्टला. वर एकच लांब पंख, खाली बंद केबिन आणि आत शेजारी शेजारी दोघेजण.

हे कुणा बड्या विमान कंपनीचे कामही नव्हते. कल्पना जाहिरात क्षेत्रातल्या डॉन लस्कम यांची, बांधणी क्लेटन फोकर्ट्स यांची. पुढे पैसा आणि इंजिन दिले मोटारींचे कारखानदार विलर्ड वीली यांनी. नांगर घडवणाऱ्या जॉन डिअर यांचे हे नातू! मोनोकूप ७० च्या नाकावर बसले ते वीलींचेच पाच सिलिंडरांचे इंजिन.

बंद केबिन म्हणजे हौशी मंडळींचे आरामाचे वाहन, हा समज तर फीबी ओमली यांच्यावर अन्यायच करतो. १९२९ मध्ये महिला वैमानिक सँटा मोनिकाहून क्लीव्हलँडपर्यंतच्या शर्यतीत उडाल्या. त्यात हलक्या विमानांच्या गटात पहिल्या आल्या ओमली, मोनोकूप उडवत. अमेलिया इअरहार्ट यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. ओमलींचेही तितकेच ठाऊक असायला हवे.

मोनोकूपची सगळी भावंडे सारखी होती असेही नाही. मोनोकोचमध्ये चौघे बसत. मोनोप्रेप हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान, त्याचे कॉकपिट चक्क उघडे. मोनोकूप ९० ला लॅम्बर्ट इंजिन होते, ११० ला वॉर्नर स्कॅरब. वैमानिक लिंडबर्ग म्हटले की फक्त 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' आठवते, पण त्यांच्याकडे मोनोकूप डी-१४५ सुद्धा होते.

आणि पंख जितका लांब तितके विमान चांगले? '११० स्पेशल'ने उलटेच दाखवले. नेहमीच्या मोनोकूपचा पंखविस्तार सुमारे ३२ फूट. स्पेशलचा कापून २३ फुटांवर आणला. जास्त वेगात आखूड पंखाला हवेचा विरोध कमी होतो आणि विमान कुशीवर चटकन वळते. किंमत मोजावी लागते ती उतरताना, कारण वेग जास्त ठेवावा लागतो. मोजकीच बनलेली ही विमाने शर्यतींत आणि हवाई कसरतींत गाजली. वुडी एडमंडसन यांनी १९४८ ची पहिली आंतरराष्ट्रीय कसरत स्पर्धा जिंकली ती 'लिटल बुच' या स्पेशलवर; ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.