सावलीतला उजेड कुणाचा?

उन्हातल्या रस्त्याच्या जलरंगचित्रांत सावल्या निळ्या-जांभळ्या का असतात, आपल्याला तर त्या काळपट दिसतात, असं एका वाचकाने विचारलं आहे. ही चित्रकारांची हौस नव्हे. निळा रंग तिथे खरोखरच असतो. भर दुपारी झाडाखाली बसून पेपर वाचता येतो, तो कुठल्या उजेडात? सूर्य अडला तरी आकाश उघडंच असतं. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या चौपट विखुरतात (हा नियम मांडणाऱ्या रॅलेसाहेबांची कृपा!) आणि तोच सावलीत उतरतो.

पण म्हणून सगळ्याच सावल्या निळ्या नसतात. जुन्या वाड्याच्या सज्जाची रस्त्यावर पडलेली सावली आकाशाकडे बघते, म्हणून निळी. सज्जाची खालची बाजू बघते रस्त्याकडे. तिच्यावर तापल्या मातीवरून परतलेला उजेड पडतो, म्हणून ती पिवळसर-तांबूस. जाणता चित्रकार तिथे आधी यलो ऑकर लावतो आणि तो ओला असतानाच कडेने अल्ट्रामरिन सोडतो. पुढचं काम पाणी करतं.

सावलीची कडही नीट बघण्यासारखी असते. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे. तो आकाशाचा अर्धा अंश व्यापतो. त्यामुळे सावलीची कड अंतराच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकी पसरते. मीटरभरावरच्या फळीची कड सेंटीमीटरभर, तर 10 मीटरवरच्या गच्चीची चांगली वीतभर नसली तरी चार बोटं पुसट होते. सगळ्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या रंगवल्या, की चित्र खोटं वाटतं ते यामुळे.

आता उन्हाचं काय? जलरंगात ऊन रंगवत नाहीत, सोडतात. रंगाचा थर आकाशकंदिलाच्या कागदासारखा पारदर्शक; उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो. जिथे लखलखीत ऊन, तिथे कागद कोरा. पण उन्हातल्या भिंतीवर लाखभर लक्स उजेड असतो आणि आपल्या दिवाणखान्यातल्या चित्रावर त्याचा 200 वा हिस्साही नसतो. मग ते चित्र डोळे दिपवतं कसं?

याचं उत्तर हेल्महोल्ट्झ यांनी 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकलेवरच्या व्याख्यानांत दिलं. ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे आणि डोळ्याच्या आत डोकावणाऱ्या उपकरणामुळे त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत राहिलं. ही व्याख्यानं मात्र मागे पडली. एकाच दालनात, एकाच उजेडात रखरखीत ऊन आणि चांदणं अशी दोन चित्रं टांगली तरी दोन्ही पटतात. प्रत्यक्षात पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा ऊन सुमारे 4 लाख पट प्रखर! डोळा उजेड मोजत नाही, एका जागेचा उजेड दुसरीच्या किती पट ते बघतो. चित्रकाराने ती पट सांभाळली, की काम झालं. म्हणून कोऱ्या कागदाला ऊन करायचं तर शेजारची सावली पुरेशी गडद लागते, आणि तीही एका हातात. भीतभीत पाच थर चढवले, की खालून येणारा उजेड मरतो.

मग वाचकाला सावली काळपट का दिसली? कारण मेंदू पांढऱ्याला सगळीकडे पांढराच मानतो आणि निळी झाक वजा करून टाकतो. कॅमेऱ्यात सावलीसाठी वेगळी सेटिंग असते. फोटोत पिवळेपणा वाढवून ती याच निळ्यावर उतारा देते.

सावलीचा रंग म्हणून तयार ट्यूबही हल्ली मिळते. ढगाळ दिवशी, पत्र्याखाली किंवा निळ्या ताडपत्रीखाली ती काय कामाची? त्यापेक्षा पांढरा कागद अर्धा उन्हात, अर्धा सावलीत धरून बघा. ट्यूबचे पैसे वाचतील.