केबिन वाचवायची तर खटकेही वाचवावे लागतात

सेंट अल्बन्स (इंग्लंड): लंडनच्या उत्तरेला असलेल्या सेंट अल्बन्स स्टेशनाजवळ मिडलंड रेल्वेने 1892 मध्ये बांधलेली दुमजली लाकडी सिग्नल केबिन आजही उभी आहे. शेजारून गाड्या धावतात, पण त्यांना सिग्नल इथून मिळत नाही. 1980 च्या सुमारास तिचं काम थांबलं. मग ती जपायची कशाला? उत्तर तिच्या बांधणीतच आहे.

वर खिडक्या, खाली कुलपं

वरच्या मजल्याला मोठमोठ्या खिडक्या असतात. गाडी पूर्ण गेली की नाही, हे केबिनमनला शेवटच्या डब्याच्या दिव्यावरून बघावं लागायचं. आत ओळीने खटके: थांबण्याच्या सिग्नलचे लाल, सांध्यांचे काळे. खालच्या मजल्यावर खरी गंमत. तिथे लोखंडी पट्ट्या एका खटक्याला दुसऱ्याशी अडकवतात. सांधा चुकीच्या बाजूला लागला असेल, तर सिग्नलचा खटका ओढूनही हलत नाही. माणूस चुकला तरी यंत्र अडवतं.

ही सोय आधीपासून होती, सक्तीची नव्हती. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधल्या आर्माघजवळ सहलीच्या गाडीचा अपघात होऊन सुमारे 80 जण गेले, त्यात मुलं पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि प्रवासी मार्गांवर ही व्यवस्था बंधनकारक झाली.

नुसती यादी पुरत नाही

मिडलंडच्या केबिन ठरावीक मापाच्या लाकडी भागांच्या असत. कारखान्यात तयार करायच्या, जागेवर जोडायच्या. उभारायला सोप्या, तशाच पाडायलाही. 1940 च्या दशकाअखेर ब्रिटनमध्ये 10,000 हून जास्त केबिन होत्या. 2013 पर्यंत वापरात 500 सुद्धा उरल्या नाहीत. त्या वर्षी 26 केबिनना वारसा इमारतींचा दर्जा मिळाला. आता परवानगीशिवाय त्या पाडता येत नाहीत. पण दर्जा मिळाला म्हणून कुजणारं लाकूड थांबत नाही, आणि खटके काढले तर उरते ती रिकामी खोली.

सेंट अल्बन्सला स्वयंसेवकांनी केबिन दुरुस्त केली. तिथले 44 खटके पाहता येतात, ओढून बघता येतात.

आपल्याकडेही जुन्या स्टेशनांच्या दोन्ही टोकांना खटक्यांच्या केबिन असायच्या. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, त्या बंद पडत गेल्या. एखादी जपायची ठरलीच, तर भिंतींना रंग देण्याआधी खालच्या मजल्यावरचं लोखंड भंगारात जाणार नाही, एवढं बघावं.