शेवटच्याला पाणी मिळतंय का?

थंडीची चाहूल लागली की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक फिरायला लागतात. ‘टेन के करायचं का रे?’, ‘अर्ली बर्ड संपतंय, लवकर भर.’ पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे, मुंबईची २००४ पासून. पावसाळा सरता सरता साताऱ्यात यवतेश्वरचा घाट धावणाऱ्यांनी भरून जातो. आता तर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणीही मॅरेथॉन होतात. पोस्टरवर पाहुण्यांचे फोटो असतात, मेडलचं डिझाइन असतं आणि टी-शर्टचा रंगही असतो.

पाणी किती ठिकाणी आहे, शेवटचा माणूस येईपर्यंत रस्ता बंद राहणार का, रुग्णवाहिका किती आहेत, हे मात्र बहुतेक पोस्टरवर नसतं. आपणही विचारत नाही. फी भरतो, टी-शर्टचा साइज टाकतो आणि मोकळे होतो.

खरं तर फी टी-शर्टची नसते. मोजलेला, मोकळा केलेला आणि सुरक्षित असा रस्ता काही तासांसाठी आपल्याला मिळावा, म्हणून आपण पैसे देतो. तो तसा मिळाला की नाही, हे पहिल्या आलेल्याला विचारून कळत नाही. त्याच्यापुढे पायलट गाडी असते, टेबलांवर पाणी भरलेलं असतं आणि ऊन अजून चढलेलं नसतं. आयोजन कसं होतं, ते शेवटच्या शंभर जणांना विचारा. पहिल्यांदाच धावणारी, परीक्षेमुळे सराव बुडालेली, आपल्यासारखीच मुलं-मुली बहुतेक त्याच शंभरात असतात.

किलोमीटर खरा हवा

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हाफ म्हणजे २१.०९७५. आपल्याकडे पाच किलोमीटरच्या दौडीलाही बिनधास्त मॅरेथॉन म्हणतात. पण जे अंतर जाहीर केलं ते तरी पुरं भरायला हवं.

ते कसं मोजतात? मोबाइलच्या अ‍ॅपवर नाही आणि गाडीच्या मीटरवर तर नाहीच. मान्यताप्राप्त स्पर्धेचा रूट सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवलेलं असतं. ती आधी ठरावीक अंतरावर चालवून तपासून घेतात. मग वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर ठेवून, धावणारा घेऊ शकेल त्या सर्वांत जवळच्या रेषेवरून मोजमाप होतं. शिवाय रूट चुकूनही कमी भरू नये म्हणून दर हजार मीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. आपल्या घड्याळात टेन के नेहमी थोडं जास्तच दिसतं, त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे आपण गर्दीतून डावी-उजवीकडे करत धावतो आणि तिसरं म्हणजे जीपीएसची स्वतःची चूक. त्यामुळे घड्याळात शंभर-दीडशे मीटर जास्त आले म्हणून आयोजकांना शिव्या घालू नका. कमी आले तर मात्र विचारा.

अशी चूक मोठ्या शहरातही होते. इंग्लंडमधल्या मँचेस्टर मॅरेथॉनचा २०१३, २०१४ आणि २०१५ या तिन्ही वर्षांचा रूट ३८० मीटरने कमी होता, हे २०१६ मध्ये उघड झालं. सुमारे २४ हजार जणांची वेळ अधिकृत यादीतून गेली. चार तासांच्या आत आलो म्हणून ज्याने घरी पेढे वाटले असतील, त्याने काय करायचं?

टेबलावरचं गणित

जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमानुसार स्टार्टला आणि फिनिशला पाणी हवंच. वाटेतही साधारण दर पाच किलोमीटरला ते मिळायला हवं. आपल्या उकाड्यात याहून जवळजवळ टेबलं लावावी लागतात. पण टेबलं किती, यापेक्षा कप किती आणि ते कोणासाठी राखले आहेत, हे महत्त्वाचं.

समजा, टेन के ला ३ हजार जण आहेत. आयोजकांनी प्रत्येकाला दोन कप धरून एका टेबलावर ६ हजार कप ठेवले. कागदावर हिशोब चोख आहे. पण त्या दिवशी उकडतंय. पुढचे २ हजार जण दोन कप पितात आणि तिसरा डोक्यावर ओततात. संपले ६ हजार कप. मागच्या हजारांना काय मिळतं? पायाखाली चुरगळलेले कप आणि ‘पुढे आहे, पुढे आहे’ असं सांगणारा व्हॉलंटिअर.

म्हणजे सर्वांत जास्त वेळ उन्हात असलेल्याला सर्वांत कमी पाणी. त्याचा सरावही बेताचा असतो. हाफ मॅरेथॉन दीड तासात संपवणारा सकाळी साडेसातला घरी जायला निघालेला असतो. साडेतीन तास घेणारी मुलगी साडेनऊला अजून रस्त्यावरच असते.

शिकागोत ७ ऑक्टोबर २००७ ला हेच दिसलं. पारा ३१ अंशांच्या आसपास गेला. सुरुवातीच्याच टेबलांवर पाणी मिळालं नाही अशा तक्रारी आल्या, शेकडो जणांना उपचार द्यावे लागले आणि सुमारे साडेतीन तासांनी स्पर्धा थांबवावी लागली. तिथे आता रूटवर हवामानाचे रंगीत इशारे असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे वेग कमी करा आणि काळा म्हणजे स्पर्धा बंद. आपल्याकडे ‘उकाडा वाढला तर काय करणार?’ याचं उत्तर किती आयोजकांकडे लिहून ठेवलेलं असतं?

पाण्याची दुसरी बाजूही आहे. तहान नसताना प्रत्येक टेबलावर ढसाढसा पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडिअम खाली येतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडिअम कमी निघालं. म्हणून मोठ्या अंतरात नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखरेचं काहीतरी हवं. मुंबईत हे काम कितीतरी वर्षं रस्त्याकडेचे रहिवासीच करतात. संत्र्याच्या फोडी, केळी, चिक्की, मीठ घेऊन आजी-आजोबा पहाटेपासून उभे असतात. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण आयोजकांनी त्यांच्या भरवशावर राहू नये.

रुग्णवाहिका कुठे उभी आहे?

धावताना हृदय बंद पडण्याचा धोका फार कमी असतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ धावलेल्या १ कोटी ९ लाख जणांचा अभ्यास झाला. त्यात असे ५९ प्रसंग आढळले. मात्र त्यातले ४२ जण गेले. जे वाचले, त्यांच्या बाबतीत जवळच्या कोणीतरी लगेच छाती दाबायला सुरुवात केली होती का, हा मोठा फरक ठरला.

याचा अर्थ असा की फिनिशला मंडप टाकून दोन डॉक्टर बसवले म्हणजे सोय झाली असं नाही. मंडप आठव्या किलोमीटरवर पडलेल्यापर्यंत चालत येत नाही. रूटवर सीपीआर येणारी माणसं हवीत, शॉक देणारं एईडी यंत्र सायकल किंवा बाइकवर फिरतं हवं आणि प्रत्येक टेबलावरच्या मुलाला कोणत्या नंबरवर फोन करायचा ते पाठ हवं. आपण कितव्या किलोमीटरवर उभे आहोत, हे तर त्याला माहीत हवंच.

आणि हे फक्त धावणाऱ्यांपुरतं नाही. रस्ते बंद होतात ते सगळ्या शहराचे. अमेरिकेतल्या ११ शहरांच्या मॅरेथॉनचा अभ्यास २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मॅरेथॉनच्या दिवशी हृदयविकाराने दाखल झालेल्या ज्येष्ठांपैकी २८.२ टक्के जण महिन्याभरात दगावले, इतर दिवशी दाखल झालेल्यांपैकी २४.९ टक्के. त्या सकाळी रुग्णवाहिकेला सरासरी ४.४ मिनिटं जास्त लागत होती. हे रुग्ण धावायला आलेले नव्हते. तेव्हा रूट आखताना हॉस्पिटलकडे जाणारी वाट कुठून मोकळी राहणार, हे आधी ठरायला हवं. आपल्यासमोरून रुग्णवाहिका आडवी जात असेल तर थांबायचं. वेळ गेली तर गेली.

पहाटेचे प्रश्न

काही गोष्टी छोट्या वाटतात, पण त्यावरून कोण येऊ शकतं हे ठरतं. स्टार्ट पहाटे साडेपाचला असेल, तर पीजीत राहणाऱ्या मुलीने तिथे पोचायचं कसं? मुंबईत मॅरेथॉनसाठी पहाटे जादा लोकल सुटल्या आहेत. इतर शहरांत निदान एक-दोन ठिकाणांहून बस सोडता येते. मुलींसाठी वेगळी, पाणी असलेली, आत दिवा असलेली टॉयलेट हवीत. बॅग ठेवायला जागा हवी आणि परत घेताना तासभराची रांग नको.

स्टार्टचा क्रमही महत्त्वाचा. वेगाने धावणारे पुढे, चालणारे मागे. फन रनवाले बॅनर धरून, पाच-पाचची रांग करून पुढे सुटले की मागच्यांना दुभाजकावर चढून वाट काढावी लागते. यातच घोटे मुरगळतात. चिप असेल तर उशिरा सुटल्याचं नुकसान होत नाही, कारण आपली वेळ आपण मॅट ओलांडल्यापासून मोजली जाते. पण मग निकालात तीच वेळ दिसायला हवी.

कट-ऑफचं तसंच. वेळेची मर्यादा ठेवायला कोणाची हरकत नाही, शहराला रस्ता परत हवाच असतो. पण साडेतीन तास सांगितले असतील तर साडेतीन तास पाळा. तीन तासांनीच टेबलं आवरून ट्रॅफिक सोडलं, तर मागचा माणूस रिक्षा आणि टेम्पोच्या मधून धावतो. आणि वेळ संपल्यावर मागून बस येणार की ‘आता तुमचं तुम्ही या’ म्हणणार?

टेबलामागे आपणच असतो

या सगळ्यात गंमत अशी की टेबलाच्या दोन्ही बाजूंना कॉलेजचीच पोरं असतात. एका बाजूला धावणारे, दुसऱ्या बाजूला एनएसएस, एनसीसीचे व्हॉलंटिअर. पहाटे चारला बोलावतात, टोपी आणि टी-शर्ट देतात, एका चौकात सोडतात. नाश्ता येईल म्हणतात, तो नऊला येतो. काय करायचं हे अनेकदा कोणीच सांगत नाही. मग गर्दी ओसरली की पोरं सेल्फी काढून निघतात, आणि मागच्या दोनशे जणांना मोकळं टेबल मिळतं. त्या पोरांना तरी किती बोल लावायचा? ‘शेवटचा धावपटू जाईपर्यंत थांबायचं, आणि शेवटचा कोण हे मागची गाडी सांगेल’ एवढं एक वाक्य आदल्या दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं. तुमच्या कॉलेजमधून व्हॉलंटिअर जात असतील तर आदल्या दिवशी तासभर प्रशिक्षण मागा, त्यात सीपीआर असू द्या. ते पुढे घरीही उपयोगी पडेल.

अपेक्षा फक्त आयोजकांकडूनच ठेवून भागत नाही. मित्र येणार नाही म्हणून त्याचा बिब लावून धावणं आपल्याकडे सर्रास चालतं. वाटतं, पैसे वाया कशाला घालवा? पण त्या नंबरामागे त्याचं नाव, त्याचा रक्तगट, त्याच्या घरचा फोन असतो. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर फोन जातो त्याच्या आईला, आणि डॉक्टरांपुढे माहिती येते त्याची. बिबच्या मागे स्वतःचं नाव, आजार, औषधं आणि घरचा नंबर लिहा. ताप असेल तर सरळ घरी राहा.

फी भरण्याआधी हे विचारा

• रूट कोणी आणि कसा मोजला?
• पाणी किती ठिकाणी आहे, आणि मागच्यांसाठी वेगळा साठा ठेवला आहे का?
• उकाडा वाढला किंवा पाऊस आला तर काय करणार?
• रुग्णवाहिका आणि एईडी कितव्या किलोमीटरवर आहेत?
• कट-ऑफ किती, आणि तोपर्यंत रस्ता बंद राहील का?
• मागे बस असेल का?
• मुलींसाठी टॉयलेट किती आणि कुठे?
• पहाटे पोचायची सोय काय?
• स्पर्धा रद्द झाली तर फीचं काय?

हे प्रश्न आयोजकांना मेलवर पाठवा. चांगले आयोजक उत्तर देतात, त्यांच्याकडे ते तयारच असतं. उत्तर म्हणून फक्त मेडलचा फोटो आला, तर त्या रविवारी मित्रांबरोबर टेकडीवर पळायला जा. तिथे फी नाही, आणि पाण्याची बाटली आपली आपल्याजवळ असते.