आगगाडीचा आलेख

मुंबई ते पुणें हें लोहमार्गाचें अंतर १९२ किलोमीटर. एखादी गाडी तें चार तासांत तोडते असें सांगितलें, म्हणजे ऐकणारा तोंडींच भागाकार करून म्हणतो, "ताशीं ४८ किलोमीटर." उत्तर बिनचूक आहे. पण त्या चार तासांत गाडी ताशीं ४८ च्या वेगानें नेमकी कोठें धांवली, असें विचारतांच तो घोटाळतो. सरासरी वेग साऱ्या प्रवासाविषयीं खरा असतो. प्रवासांतील एकाहि टप्प्याविषयीं तो खरा असेलच असें नाहीं. आलेख काढला कीं हें डोळ्यांना दिसतें.

ज्यांच्या हातीं पेन्सिल असेल त्यांनीं मुलांच्या वहींतला चौकटींचा कागद घ्यावा. आडव्या रेषेवर वेळ मांडावी, २० मिनिटांस एक सेंटिमीटर. उभ्या रेषेवर मुंबईपासूनचें अंतर, २० किलोमीटरांस एक सेंटिमीटर. कर्जत १०० किलोमीटरांवर, लोणावळें १२८ वर आणि पुणें १९२ वर. हीं अंतरें खरीं. वेळा मात्र हिशेबाच्या सोयीसाठीं मानलेल्या आहेत. गाडी सकाळीं ८ वाजतां मुंबईहून निघाली व १० वाजतां कर्जतला आली. तेथें घाटासाठीं बहुतेक गाड्यांस मागून जादा इंजिनें जोडतात, त्यांत १० मिनिटें गेलीं. १० वाजून ५० मिनिटांनीं लोणावळें आलें. तेथें ६ मिनिटें थांबून गाडी बरोबर बाराला पुण्यास पोहोंचली. हे सहा बिंदु क्रमानें सरळ रेषांनीं जोडावे. (खरी गाडी एकदम वेग घेत नाहीं, म्हणून खऱ्या आलेखाचे कोपरे थोडे गोलसर असतात.)

पहिल्या तुकड्याचा वेग ताशीं ५०. कर्जतचा तुकडा अगदीं आडवा आहे : गाडी उभी असली तरी घड्याळ उभें राहत नाहीं, म्हणून रेषा उजवीकडे सरकतच राहते. पुढें घाट लागतो आणि येथें मुलेंच काय, मोठीं माणसेंहि फसतात. बोरघाटांत मार्ग दर ३७ मीटरांस एक मीटर चढतो, तेव्हां रेषाहि अधिक उभी होईल असें त्यांना वाटतें. ती होते उलट कलती. २८ किलोमीटरांस ४० मिनिटें लागलीं, म्हणजे वेग ताशीं ४२. आलेख हें डोंगराचें चित्र नव्हे. लोणावळ्यापुढें ६४ किलोमीटर ६४ मिनिटांत, म्हणजे ताशीं ६०. तेथें रेषा बरोबर अर्ध्या काटकोनांत चढते.

आतां ५०, ४२ आणि ६० यांची बेरीज करून तिनानें भागण्याचा मोह होतो. उत्तर ५० हून अधिक येतें आणि तें चूक आहे. कारण तिन्ही वेग सारखा वेळ टिकले नाहींत, आणि थांब्यांचीं १६ मिनिटें तर हिशेबांतून निसटलींच. त्याऐवजीं पहिला व शेवटचा बिंदु एका सरळ रेषेनें जोडावा. ती रेषा म्हणजे वाटेंत कोठेंहि न थांबतां एकसारख्या ४८ च्या वेगानें जाणारी कल्पित गाडी. १० वाजून ५ मिनिटांनीं ती कर्जतला उभ्या असलेल्या गाडीला मागें टाकते; पुण्याच्या फलाटावर मात्र दोघी एकाच क्षणीं येतात.

हीच चूक जातांयेतांच्या हिशेबांत अधिक घडते. घाट उतरतांना ब्रेकांच्या भरवशासाठीं गाडी चढतांनापेक्षांहि सावकाश नेतात. चढतांना ताशीं ४२ आणि उतरतांना २८ धरले, तर सरासरी ३५ वाटते. पण चढास ४० मिनिटें व उतारास ६० मिनिटें, म्हणजे ५६ किलोमीटरांस १०० मिनिटें लागलीं. सरासरी भरते ३३.६. मंद वेगानें अधिक काळ खाल्ला, म्हणून त्याचें वजनहि अधिक.

रेल्वेला हा आलेख शिकवावा लागत नाहीं. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानें आलेखपद्धतीवर लिहिलेल्या ग्रंथाच्या १८८५ सालच्या आवृत्तींत पॅरिस ते ल्योन मार्गावरील साऱ्या गाड्या एकाच कागदावर तिरप्या रेषांनीं दाखविल्या आहेत. जाणाऱ्या गाड्यांच्या रेषा एकीकडे कललेल्या, येणाऱ्यांच्या दुसरीकडे. दोन रेषा जेथें छेदतात तेथें त्या वेळीं दोन गाड्यांची गांठ पडते. दुहेरी मार्गावर ही गांठ कोठेंहि पडो. कोंकण रेल्वे, जिच्यावरून १९९८ पासून सबंध मार्गभर गाड्या धांवूं लागल्या, बहुतांशीं एकेरी आहे. तेथें छेदनबिंदु दोन स्थानकांच्या मध्यें पडला तर तो कागदावरचा अपघात होय. वेळापत्रक करणारा तो तेथेंच खोडतो. एका गाडीच्या रेषेंत आधींच्या स्थानकावर दहा-पंधरा मिनिटांचा आडवा तुकडा घालतो आणि दुसऱ्या गाडीची रेषा त्या तुकड्यावरून जाऊं देतो. प्रवासी त्याला 'क्रॉसिंग' म्हणतात, खिडकींतून डोकावतात आणि सरासरी घसरली म्हणून कुरकुरतात. तोंच शेजारच्या रुळांवरून समोरची गाडी धडधडत निघून जाते.