छताखालचा विक्रम, छताबाहेरचा विक्रम 🏟️

पोल व्हॉल्टमध्ये 'विश्वविक्रम' आणि 'इनडोअर विश्वविक्रम' अशा दोन नोंदी असतात. पण त्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या नाहीत!

🔹 सर्गेई बुबकाने 1993 मध्ये दोनेत्स्कला बंदिस्त सभागृहात 6.15 मीटर उडी मारली आणि 1994 मध्ये सेस्त्रिएरला उघड्या मैदानात 6.14. पुढची वीस वर्षं अधिकृत विश्वविक्रम मात्र 6.14 चाच राहिला. जास्त उंच उडी 'इनडोअर'च्या रकान्यात!

🔹 2000 मध्ये नियम बदलला: छत असो वा नसो, उडी विश्वविक्रम ठरू शकते. पण हा बदल मागच्या उड्यांना लागू केला नाही, म्हणून बुबकाची 6.15 जिथल्या तिथे राहिली.

🔹 2014 मध्ये रेनो लाव्हिलेनीने त्याच दोनेत्स्कमध्ये 6.16 पार केली. छताखालची ही एकच उडी दोन्ही विक्रम घेऊन गेली.

🔹 सप्टेंबर 2020, रोम: स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिसने मैदानात 6.15 मारून बुबकाच्या मैदानातल्या 6.14 ला मागे टाकलं. बातम्या झाल्या, पण विश्वविक्रम नाही, कारण फेब्रुवारीत ग्लासगोला त्याने स्वतःच छताखाली 6.18 केली होती.

🔹 उलट बाजू: जुलै 2022 मध्ये यूजीनच्या मैदानातली त्याची 6.21 विश्वविक्रम ठरली, तरी इनडोअर विक्रम तेव्हा 6.20 वरच राहिला.

थोडक्यात, छताखालची उडी दोन्ही विक्रम मोडू शकते, मैदानातली फक्त एक. आता सांगा, 2025 ची टोकियोच्या मैदानातली डुप्लांटिसची 6.30 कुठल्या रकान्यात? 😊