मण्यातलं फूल : पॉलिमर क्लेच्या केनची ओळख

प्रदर्शनात पॉलिमर क्लेच्या दागिन्यांचा स्टॉल दिसला की आपल्या बायका तिथे थांबतातच. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा मणी, आणि त्यावर सहा पाकळ्यांचं फूल, मध्ये पिवळा ठिपका, कडेने काळी रेघ. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ताई, एवढं बारीक कोणत्या कुंचल्याने काढलं? कुंचला इथे लागतच नाही. ते फूल कापलेलं असतं.

अळूवडी डोळ्यासमोर आणा. पानाला पीठ लावून गुंडाळी केली, उकडली, सुरीने चकती पाडली, की आतली वेटोळी नक्षी प्रत्येक वडीत सारखी येते. बाकरवडीचंही तेच. पॉलिमर क्लेचा केन म्हणजे अशीच गुंडाळी किंवा दांडी : आत रंगांची मांडणी करायची, दांडी दाबून लांब आणि बारीक करायची, मग चकत्या पाडायच्या. इटलीत मुरानो बेटावर काचेच्या दांड्यांची अशीच नक्षी करतात. त्या कामाचं नाव मिलेफिओरी, म्हणजे हजार फुलं. काचेला भट्टी लागते. क्लेला टेबल, पातं आणि छोटा ओव्हन पुरतो.

महासंघाकडे ह्या कामाची विचारणा बरेच गट करताहेत, काहींनी तर कर्जाचा अर्जही तयार ठेवला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. अर्ज देण्याआधी वाचा.

ही माती नव्हे

नावात क्ले असलं तरी ही शाडू नाही, टेराकोटाची माती तर नाहीच. हे पीव्हीसी प्लास्टिकचं बारीक पीठ, त्याला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य आणि रंग, असं मिश्रण आहे. हवेत ते वाळत नाही. ओव्हनमध्ये ठरावीक उष्णता मिळाली की कण एकमेकांत मिसळून कायमचे घट्ट होतात. बाजारात एअर-ड्राय क्ले नावाची दुसरी वस्तू मिळते, ती हवेत सुकते, पाण्याने खराब होते आणि तिचा ह्या कामाला उपयोग नाही. दोन्हींची पाकिटं रंगीत, दोन्हींवर क्ले लिहिलेलं. एका गटाने स्वस्त म्हणून एअर-ड्रायची दोन किलो आणली, ती सगळी पडून आहे. पाकिटावर ओव्हनचं चित्र आणि तापमान छापलेलं नसेल तर घेऊ नका.

फिमो आणि स्कल्पी ही त्यातली जुनी नावं. फिमोची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनीत केथे क्रूझे नावाच्या बाईंचा बाहुल्यांचा कारखाना होता. त्यांच्या लेकीने, घरचं नाव फिफी, ह्या पदार्थावर काम करून तो विकायला काढला. फिफी आणि मोझेक ह्या दोन शब्दांतून फिमो हे नाव झालं. पुढे 1964 मध्ये पेन्सिली बनवणाऱ्या एका कंपनीने तो घेतला. म्हणजे सुरुवात घरगुती उद्योगातूनच.

गिऱ्हाइकाला मातीचे दागिने म्हणून हे विकू नका. टेराकोटावाल्या बायांचं ते खरं नाव आहे, आणि आपलंही नाव एकदा खोटं पडलं की पुन्हा बसत नाही.

मळणं

नवीन क्ले पाकिटातून काढल्यावर कडक, चुरा होणारी असते. पुरणपोळीची कणीक जशी तिंबतो तशी ती हाताने मळायची. लांब करायची, दुमडायची, पुन्हा लांब करायची. दुमडल्यावर तडा जात नाही तेव्हा ती तयार झाली. केनमधल्या सगळ्या रंगांची क्ले सारखीच मऊ हवी. एक रंग मऊ आणि दुसरा कडक असेल तर दाबताना मऊ रंग पुढे पळतो, कडक मागे राहतो, आणि फुलाची पाकळी वाकडी होते. त्यामुळे एका केनमध्ये शक्यतो एकाच कंपनीची क्ले घ्या.

पांढरा रंग सगळ्यांत आधी मळा, मग पिवळा, गुलाबी, आणि काळा-लाल अगदी शेवटी. पांढऱ्यावर धूळ, केस, साडीचा धागा, सगळं चिकटतं. उरलेल्या पांढऱ्या क्लेचा एक गोळा नुसता हात साफ करायला ठेवावा, तो हातात फिरवला की मळ त्यात उतरतो. उन्हाळ्यात दुपारी क्ले फार सैल होते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात हे काम सकाळी लवकरच करावं. फारच सैल झाली तर दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून काही तास ठेवा, जास्तीचं तेल कागद शोषून घेतो. ह्याच कारणाने क्ले वर्तमानपत्रात गुंडाळून साठवायची नाही. ती कोरडी पडते.

पोळी लाटायला काचेची गुळगुळीत बाटली चांगली. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवरून बाटली फिरवली की पोळी सगळीकडे एकसारखी येते. घरचं पोळपाट-लाटणं वापरायचं नाही. ज्या वस्तूला कच्ची क्ले लागली ती परत स्वयंपाकात नको.

सहा पाकळ्यांचं फूल

साधी सुरुवात गुंडाळीच्या केनने करा : दोन रंगांच्या दोन पोळ्या एकावर एक ठेवायच्या, कडा दाबायच्या, अळूवडीसारखं घट्ट वळायचं. आत हवा राहू द्यायची नाही. हे पहिल्या दिवशीच जमतं. फूल मात्र सावकाश शिकावं, कारण विकलं जातं ते फूल.

कॅरमबोर्ड मांडताना राणीभोवती पहिल्या फेरीत सहाच सोंगट्या का बसतात, हे कधी पाहिलंत? सारख्या आकाराच्या एका गोलाभोवती तसेच सहा गोल बरोबर चिकटून बसतात, ना फट राहते ना दाटी होते. फुलाचा केन ह्याच हिशेबावर उभा आहे.

आधी पाकळीची दांडी करायची. गडद गुलाबी क्लेची जाड दांडी, तिच्याभोवती फिकट गुलाबी पोळी, वरून पांढरी पातळ पोळी. ही दांडी हळूहळू लांबवून 1 सेंटिमीटर जाडीची करा. लांबी 32-33 सेंटिमीटर हवी. दोन्ही टोकं कापून टाका आणि 5 सेंटिमीटरचे सहा तुकडे पाडा. पिवळी दांडी तेवढीच जाड, 5 सेंटिमीटर लांब. पिवळी मध्ये, सहा पाकळ्या भोवती. आता बाहेरून पाहिलं तर पाकळी आणि पाकळी ह्यांच्यामध्ये सहा खाचा दिसतील. त्यात काळ्या क्लेच्या तिकोनी पट्ट्या बसवायच्या. ह्या पट्ट्या घालायचा कंटाळा करतात, आणि फूल तिथेच बिघडतं : दाबल्यावर पाकळ्या रिकाम्या जागेत घुसतात आणि गोल फुलाचं षट्कोनी ठिगळ होतं. शेवटी सगळ्यावर काळ्या क्लेची पातळ पोळी गुंडाळा. आता हातात साधारण 3 सेंटिमीटर जाड आणि 5 सेंटिमीटर लांब ठोकळा आहे. वजन जवळपास 60 ग्रॅम.

आता तो बारीक करायचा. लगेच पोळपाटावर लाटल्यासारखा घरंगळवू नका. बाहेरची पोळी सरकते आणि आतलं फूल जागीच राहतं. ठोकळा दोन्ही हातांत उभा धरा, मधोमध चारी बाजूंनी हलकं दाबा, डमरूसारखी कंबर झाली की तिथून वर आणि खाली दाबत जा. थोडा बारीक आणि एकजीव झाल्यावर मगच हलक्या हाताने घरंगळवा. टोकांना खोलगट वाटी पडते, तिथली नक्षी बिघडलेलीच असते. ती कापायची, पण फेकायची नाही.

ठोकळ्यातली क्ले तेवढीच राहते, त्यामुळे जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते, आणि जाडी तिसरा हिस्सा झाली की लांबी नऊपट. आपला 3 सेंटिमीटरचा ठोकळा 1 सेंटिमीटरवर आणला तर 5 चे 45 सेंटिमीटर होतात. टोकं सोडून 35 धरा. 2 मिलिमीटरच्या चकत्या पाडल्या तर पावणेदोनशे फुलं मिळतात, सगळी जुळी. कुंचल्याने इतकी फुलं काढायला किती दिवस लागले असते, ते तुम्हीच मोजा.

चकत्या लगेच पाडू नका. हाताच्या उबेने केन मऊ झालेला असतो आणि फूल चपटं होतं. रात्रभर राहू द्या, मग बंद डब्यात घालून पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठाच्या गार पाण्यात बुडवा. लांब, पातळ, नवं पातं घ्या आणि प्रत्येक चकतीनंतर केन थोडा फिरवा, म्हणजे एकाच बाजूने दाब येत नाही.

भाजणं

इथे घाई नको. तापमान पाकिटावर असेल ते : फिमोला 110 अंश, बाकीच्या काहींना 130 च्या आसपास. वेळ साधारण अर्धा तास, जाड मण्याला जास्त. छोट्या ओटीजी ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचं वेगळं थर्मामीटर घ्या. ओव्हनएवढीच ती वस्तू गरजेची आहे. आधी ओव्हन तापवून काटा स्थिर होऊ द्या. फरशीच्या तुकड्यावर मणी ठेवा आणि वरून अल्युमिनियम फॉइलचं सैल झाकण घाला, म्हणजे तापलेल्या कांडीची धग थेट लागत नाही. मायक्रोवेव्ह चालत नाही. चूल, तवा, गॅस अजिबात नको : उष्णता फार वाढली की पीव्हीसी जळतं आणि घसा-डोळे झोंबवणारा विषारी धूर निघतो. असा वास आला तर बटण बंद करा, दारं-खिडक्या उघडा, मुलांना घेऊन बाहेर जा. ओव्हन खोलीत खिडकीजवळ ठेवावा, आणि त्यात पुन्हा केक-नानकटाई करू नये.

मध्येच वीज गेली तर घाबरू नका. हे मणी पुन्हा भाजता येतात, काही बिघडत नाही. अर्धवट भाजलेला माल विकणं मात्र वाईट, कारण तो दिसतो चांगला आणि महिन्याभरात तुटतो. म्हणून प्रत्येक घाण्याबरोबर त्याच क्लेची एक पातळ पट्टी भाजा आणि गार झाल्यावर वाकवा. वाकली तर काम झालं, कट्कन मोडली तर परत आत.

भाजल्यावर ओल्या पॉलिश पेपरने घासायचं, आधी 400 नंबर, मग 600, मग 1000, आणि जीन्सच्या कापडावर चोळायचं. चमक येते. नेलपॉलिश लावून चमक आणायचा मोह होतो, पण त्यातलं द्रव्य क्लेला लागून मणी कालांतराने चिकट होतो.

माळ की कानातले?

हे ठरवण्याआधी वजन करा. 12 मिलिमीटरच्या एका भरीव मण्याला सुमारे दीड ग्रॅम क्ले लागते. 25 मण्यांच्या माळेला 40 ग्रॅम, म्हणजे 57 ग्रॅमचं छोटं पाकीट जवळपास एका माळेत गेलं. 2 सेंटिमीटरच्या गोल कानातल्याच्या जोडीला, 3 मिलिमीटर जाडीने, साडेतीन ग्रॅमच्या आत लागते. एका पाकिटात पंधरा-सोळा जोड्या. माझं मत सरळ आहे : नव्या गटाने पहिलं वर्ष कानातलेच करावेत. माळ करायचीच तर पाच मणी फुलांचे, बाकीचे काचेचे किंवा दोऱ्याचे घ्यावेत. मण्याचा आतला गाभा केनच्या कापलेल्या टोकांचा करावा, ती टोकं म्हणूनच ठेवायची. वर चकत्या लावून हलक्या हाताने गोल वळलं की सांधे मिटतात.

किंमत काढताना मजुरी सोडू नका. समजा पाकीट 200 रुपयांना पडलं. जोडीला क्ले 12 रुपयांची, हूक-कड्या 8, पाकीट-कार्ड 5, वीज 2. वीस जोड्यांना मळण्यापासून घासण्यापर्यंत दोघींचे मिळून 10 तास गेले आणि तासाला 45 रुपये धरले, तर जोडीला साडेबावीस. एकूण साडेएकोणपन्नास. मोडतोड आणि येण्याजाण्याचे पाच-सहा रुपये धरले की 55 झाले. मग 60 ला मागणाऱ्या दुकानदाराला काय उत्तर द्यायचं, हे गटाने आधी बसून ठरवावं. तुमचे आकडे वेगळे येतील, पण वहीत रकाने हेच ठेवा.

कर्जाचं म्हणाल तर प्रत्येकीने वेगळा ओव्हन घेऊ नये. ग्रामसंघाने एक ओव्हन आणि एक थर्मामीटर घ्यावं, वापरणाऱ्या गटाने घाण्यामागे भाडं द्यावं. क्ले सुरुवातीला पाच रंगांतच आणावी : पांढरा, काळा, पिवळा, लाल, निळा. बाकीचे रंग मळून होतात. किती भाग लाल, किती पांढरा, हे मोजून वहीत लिहा, नाहीतर तोच गुलाबी पुन्हा येत नाही.

ऑर्डर घेतानाही हे लक्षात असू द्या. एकदा केन संपला की अगदी तसाच दुसरा होत नाही, थोडा फरक पडतोच. म्हणून कानातल्याच्या जोडीसाठी शेजारशेजारच्या दोन चकत्या घ्या. दुकानदाराने तेच फूल पन्नास जोड्या मागितलं तर हो म्हणण्याआधी उरलेला केन फूटपट्टीने मोजा. न भाजलेला केन पॉलिथिनमध्ये गुंडाळून, उन्हापासून लांब, डब्यात ठेवला तर कित्येक महिने टिकतो. डब्यावर तारीख आणि रंगांचं प्रमाण लिहून ठेवा.